बिशपपद नाकारणाऱ्या गिओर्गीला जॉर्जियन चर्चचा नेता का मानतात?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यापाशी तुम्ही केतेवान राणीची माहिती वाचलीत. 1624 साली शिराझमध्ये धर्मासाठी मारल्या गेलेल्या या जॉर्जियन राणीचे अवशेष गोव्यात सापडले आणि 2021 साली भारताने त्यांचा एक भाग जॉर्जियाला दिला. तिथून तुम्ही जॉर्जियाच्या संतांबद्दल वाचत गेलात आणि अकराव्या शतकातल्या गिओर्गी म्तात्समिन्देलीपाशी (म्हणजे ‘पवित्र डोंगराचा’ गिओर्गी; हा डोंगर ग्रीसमधला मठांचा ॲथॉस) येऊन अडलात. तुमचं म्हणणं असं: हा माणूस कधी कॅथोलिकोस, म्हणजे जॉर्जियन चर्चचा प्रमुख, झाला नाही. बिशपपद समोर आलं ते त्याने घेतलं नाही. अर्ध्याहून जास्त आयुष्य त्याने देशाबाहेर काढलं आणि मुख्य काम केलं अनुवादाचं. मग त्याला चर्चचा एवढा मोठा नेता का मानतात? आणि त्याचं चरित्र त्याच्याच शिष्याने लिहिलेलं असेल तर त्यावर विश्वास किती ठेवायचा? शेवटी तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी तिबिलिसीला जाणार आहात, तर तिथे या माणसाशी संबंधित काय बघता येईल.

मी मध्ययुगीन पूर्वेकडच्या चर्चचा इतिहास शिकवते आणि संतचरित्रं इतिहासाचं साधन म्हणून कशी वाचायची हाच माझा रोजचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची माहिती सगळी बरोबर आहे. अडचण आहे ती ‘नेता’ म्हणजे पदावर बसलेला माणूस हे गृहीत धरण्यात. मध्ययुगीन जॉर्जियात कॅथोलिकोस कोण असावा, बिशप कोण असावा, यावर राजाचा आणि सरदार घराण्यांचा हात असे. पण गावोगावच्या चर्चमध्ये रोज पहाटे कोणतं स्तोत्र म्हणायचं, कोणत्या दिवशी कोणता संत स्मरायचा, शुभवर्तमानाचा कोणता पाठ वाचायचा, हे ठरत असे पुस्तकावरून. ज्याच्या हाताखालून ते पुस्तक गेलं त्याने चर्चला वळण लावलं. गिओर्गीचं नेतृत्व या पुस्तकांत आहे, आणि त्याच्या आयुष्यातले जे राजकीय वाटणारे प्रसंग आहेत त्यांतही त्याच्या हातात शेवटी पुस्तकच दिसतं.

त्याचा जन्म 1009 चा, दक्षिण जॉर्जियातल्या त्रिआलेती भागातला. एकच वर्ष आधी तिसऱ्या बग्रातने जॉर्जियातली वेगवेगळी राज्यं एका मुकुटाखाली आणली होती. गिओर्गीला लहानपणीच देवाला वाहिलं होतं; सातव्या वर्षी त्याला बहीण तेक्ला जिथे होती त्या मठात ठेवलं आणि पुढे खाखुलीच्या मठात, जिथे त्याचे काका होते. त्यातला एक काका पेरिस नावाच्या सरदाराच्या पदरी लेखनिक होता, म्हणून मुलगा त्या घराण्याच्या आश्रयाला गेला. इथे राजकारण आडवं आलं. बायझंटाईन, म्हणजे ग्रीकभाषी पूर्व रोमन साम्राज्याचा, सम्राट दुसऱ्या बेसिलने पेरिसला कटाच्या संशयावरून ठार करवलं आणि त्याच्या विधवेला परिवारासह कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, नेलं. त्या परिवारात हा मुलगाही होता. सुमारे बारा वर्षं तो साम्राज्याच्या राजधानीत वाढला, तिथे ग्रीक शिकला, आणि नुसतं बोलण्यापुरतं नाही, पक्क्या विद्येचं ग्रीक.

हा तपशील मी वर्गात कधीच घाईने पुढे जाऊ देत नाही. पुढे ज्या माणसाने जॉर्जियन चर्चला तिची पुस्तकं दिली, त्याचं ग्रीक हे एका घराण्याच्या संहारातून आलेलं आहे. पेरिस जगला असता तर गिओर्गी बहुधा खाखुलीतला एक चांगला मठवासी म्हणून राहिला असता.

सुटका झाल्यावर तो खाखुलीला परतला, तिथे दीक्षा घेतली आणि मग अँटिओकजवळच्या काळ्या डोंगरावर गेला. आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्याच्या आसपासचा हा डोंगराळ मुलूख त्या काळी ग्रीक, सिरियन, आर्मेनियन, जॉर्जियन अशा मठांनी भरलेला होता. तिथे गिओर्गी नावाचाच एक वृद्ध तपस्वी कपारीत स्वतःला कोंडून राहत असे. तो याचा गुरू झाला. यरुशलेमची यात्रा आटोपल्यावर गुरूने आज्ञा केली: ॲथॉसला जा, एक्वतिमेचं काम अपुरं राहिलंय ते पुरं कर. हे साधारण 1040 च्या आसपासचं.

एक्वतिमे म्हणजे ग्रीक परंपरेतला युथिमियस. दहाव्या शतकाच्या शेवटी त्याचे वडील इओआने आणि सेनापती तोर्निके यांनी ॲथॉसच्या पवित्र डोंगरावर जॉर्जियन मठ उभारला. त्याचंच नाव इविरोन. तोर्निके हा मूळचा लढवय्या, मग मठवासी झालेला. सम्राटावर बंड करणाऱ्या बार्डास स्क्लेरोसविरुद्ध 979 साली त्याने अंगावरची मठाची वस्त्रं बाजूला ठेवून जॉर्जियन फौजेचं नेतृत्व केलं, आणि त्या विजयात मिळालेल्या संपत्तीतून हा मठ उभा राहिला. एक्वतिमेने तिथे ग्रीकमधून डोंगराएवढे अनुवाद केले, पण 1028 साली तो वारला आणि काम थांबलं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा धागा इथेच हाती घेते, कारण पुढचा प्रसंग त्यासाठी महत्त्वाचा आहे. चरित्र सांगतं की इविरोनला पोहोचल्यावर गिओर्गीने अनुवादाला हातच घातला नाही. बराच काळ तो साध्या सेवेकऱ्यासारखा राहिला, पुरोहितपदही टाळत राहिला. शेवटी काळ्या डोंगरावरून गुरूने आपला माणूस पाठवून त्याची कानउघाडणी केली, तेव्हा कुठे काम सुरू झालं. शिष्याने हे लिहिताना त्याला विनयाचा मुलामा दिलाय, पण मूळ गोष्ट लपवलेली नाही: ज्या कामासाठी पाठवलं ते हा माणूस करत नव्हता. आणि हे चरित्र लिहायला सांगणारा होता तोच काळ्या डोंगरावरचा वृद्ध गुरू. म्हणजे ज्याने कान धरला तोच पहिला वाचक. अशा वाचकापुढे हा प्रसंग रचून सांगता येत नाही.

चरित्राचा लेखक गिओर्गी म्त्सिरे, म्हणजे धाकटा गिओर्गी. त्याने आपल्या गुरूच्या, म्हणजे आपल्या गिओर्गीच्या, मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच लिहायला घेतलं. शेवटच्या काळात तो गुरूच्या सोबत होता, आधीच्या काळाबद्दल त्याने गुरूकडून आणि जुन्या मठवाशांकडून ऐकलं होतं. त्यामुळे चरित्राचा कस सगळीकडे सारखा लागत नाही. लहानपणीच्या भागात संतचरित्राचे ठरलेले साचे आहेत: जन्माआधीचं दैवी स्वप्न, खेळात न रमणारं मूल. ते मी श्रद्धेची भाषा म्हणून वाचते. पण मठाचा कारभार, प्रवास, कोण कोणाकडे कधी गेलं, कोणत्या पुस्तकाचा अनुवाद झाला, याबाबत तो साक्षीदार आहे आणि काळजीपूर्वक लिहितो. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक प्रसंगापाशी एकच गोष्ट विचारायला लावते: हे खोटं असतं तर त्या वर्षी जिवंत असलेल्या कोणाच्या लगेच लक्षात आलं असतं? उत्तर ‘पुष्कळांच्या’ असं आलं, तर प्रसंगावर भार टाकायला हरकत नाही.

काम सुरू झालं ते मात्र थांबलं नाही. 1044 च्या सुमारास तो इविरोनचा मठाधिपती झाला. चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे चढवले, नववा कॉन्स्टँटाईन मोनोमाखोस या सम्राटाकडून मठाच्या हक्कांची सनद मिळवली, इओआने आणि एक्वतिमे यांचं चरित्र स्वतः लिहिलं. आणि या सगळ्या कारभारातून पुस्तकं: वर्षभराच्या उपासनाक्रमाचा मोठा ग्रंथ, महिन्यामहिन्याची स्तोत्रं, उपवासकाळातली गीतं, पौलाची पत्रं, आणि शुभवर्तमान व स्तोत्रसंहिता यांचे ग्रीकशी ताडून शुद्ध केलेले पाठ. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियामध्ये वर्ष कसं चालतं ते त्या मोठ्या ग्रंथात उतरलंय.

एक्वतिमेची पद्धत मोकळी होती. ऐकणारे नवखे आहेत असं समजून तो लांबलेलं आखडायचा, अवघड ठिकाणी स्वतःचं स्पष्टीकरण घालायचा. गिओर्गीने मूळ मजकूर पुरा आणण्यावर भर दिला, पण वाचणाऱ्याच्या कानाला जॉर्जियन जॉर्जियनच वाटेल हे सांभाळून. पुढच्या पिढीतला एफ्रेम म्त्सिरे आणखी कडक झाला, शब्दाला शब्द. या तिघांत गिओर्गीचा पाठ रुजला. स्तोत्रसंहिता आणि शुभवर्तमान यांचे त्याचे पाठच जॉर्जियन चर्चमध्ये प्रमाण झाले. नकलकारांना त्याची सक्त विनंती होती की इथे जसं आहे तसंच उतरवा, जुन्या प्रतींतले शब्द मध्ये मिसळू नका. आपल्यानंतर पुस्तकाचं काय होतं याची चिंता करणारा हा माणूस होता.

यात एक मोठा बदल दडलाय, आणि तो मला त्याच्या कोणत्याही वादविवादापेक्षा मोठा वाटतो. त्याआधी जॉर्जियन चर्चची उपासना प्रामुख्याने यरुशलेमच्या पद्धतीची होती. पॅलेस्टाईनमधल्या मार साबासारख्या मठांत आणि सिनाईवर जॉर्जियन मठवासी शतकानुशतकं राहिले होते आणि तिथलीच पुस्तकं मायदेशी पोहोचली होती. ॲथॉसच्या अनुवादकांनी, एक्वतिमेने आणि मग पुरेपणी गिओर्गीने, ती घडी मोडून कॉन्स्टँटिनोपलची घडी बसवली. कोणत्याही कॅथोलिकोसच्या फतव्याने एवढा फरक पडला नसता. याची किंमतही होती: जुनी पुस्तकं वापरातून गेली. सुदैवाने त्यांतली काही सिनाईच्या मठात टिकली, काही तर 1975 साली तिथल्या भिंतीआडच्या खोलीत सापडली. यरुशलेमच्या जुन्या स्तोत्रसंग्रहाचं ग्रीक मूळ हरवलंय, तो आज अभ्यासकांना मुख्यतः जॉर्जियन भाषांतरावरून वाचावा लागतो. गिओर्गीच्या कामाने मागे सारलेली परंपरा इतकी मोलाची होती हे सांगताना त्याचा मोठेपणा मला कमी झालेला दिसत नाही. चर्चचं तोंड एका शहराकडून दुसऱ्या शहराकडे वळवणारा माणूस नेता नाही तर कोण?

आता अँटिओकचा वाद, जिथे चरित्रावर विश्वास किती ठेवायचा हा तुमचा प्रश्न सर्वात जास्त लागू पडतो. 1056 च्या सुमारास गिओर्गीने मठाधिपतीपद सोडलं आणि तो पुन्हा काळ्या डोंगरावर आला. 1057 साली तिसरा थिओडोसिओस अँटिओकचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या चर्चचा प्रमुख, झाला. तिथल्या काही ग्रीक मठवाशांनी जॉर्जियन मठवाशांच्या श्रद्धेबद्दलच कुरकुर सुरू केली, ती मिटली. मग मोठा मुद्दा निघाला: तुमच्या देशात कोणी प्रेषित, म्हणजे येशूने निवडलेला शिष्य, गेला नव्हता, तुमचं चर्च अँटिओकच्या छत्राखालचं, मग तुमचा कॅथोलिकोस स्वतंत्र कसा?

गिओर्गीने उत्तर दिलं की आमच्याकडे प्रेषित अंद्रिया येऊन गेला. आणि त्याने अंद्रियाच्या प्रवासांचं पुस्तक मागितलं. चरित्राप्रमाणे ते आणायला सांगितलं गेलं थिओफिलोस नावाच्या एका जॉर्जियन माणसाला, जो पुढे तार्ससचा महानगर-बिशप झाला. पुस्तक उघडून वाचून दाखवलं. त्यानंतरचा मुद्दा योहानाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातला आहे: येशूमागे आधी गेला अंद्रिया, आणि त्यानेच आपला भाऊ पेत्र याला आणलं. तुम्ही म्हणता आम्ही पेत्राच्या गादीवर बसतो, तर आधी बोलावलेल्याचा आम्ही वाटा आहोत. मानच द्यायचा तर बोलावलेल्याने बोलावणाऱ्याला द्यावा. शिष्याच्या कथनात पॅट्रिआर्क यावर हसतो आणि जमलेल्यांना म्हणतो की हा एकटा सगळ्यांना भारी पडतोय. गिओर्गीने आणखी एक दाखला दिला: ग्रीकांकडे प्रतिमाभंजनाचं वादळ चालू होतं तेव्हा गोथियाचा बिशप योहान दीक्षेसाठी आमच्या म्त्सखेताला आला होता, कारण तेव्हा शुद्ध श्रद्धा आमच्याकडे होती.

यातलं किती खरं? मी तीन वेगळे ढीग करते.

अंद्रियाची यात्रा ही आख्यायिका आहे. जॉर्जियाच्या ख्रिस्तीकरणाबद्दलचं सगळ्यात जुनं जॉर्जियन साहित्य अंद्रियाबद्दल गप्प आहे. तिथे श्रेय जातं चौथ्या शतकातल्या संत निनोला. अंद्रियाच्या प्रवासांचा ग्रीक ग्रंथ खूप नंतरचा, आणि त्याचा जॉर्जियन अनुवाद एक्वतिमेने ॲथॉसवर केला होता. म्हणजे गिओर्गीने सभेत जो पुरावा मागवला तो त्याच्याच मठात अनुवाद झालेला होता, आणि मूळ ग्रीक असल्यामुळे ग्रीकांना नाकारता येत नव्हता. त्याने फसवणूक केली असं यात काहीच नाही. त्या काळच्या कोणाही विद्वानाला तो ग्रंथ प्रमाणच वाटत होता, पॅट्रिआर्कलाही.

गोथियाच्या योहानाचा दाखला खरा आहे. क्रिमियातल्या या बिशपचं स्वतंत्र ग्रीक चरित्र उपलब्ध आहे आणि आठव्या शतकात तो दीक्षेसाठी जॉर्जियात गेला हे तेही सांगतं. ज्या ग्रंथाला जॉर्जियन अभिमानाशी घेणंदेणं नाही त्याने हे नोंदवलंय. माझ्यासाठी हा पुरावा पहिल्यापेक्षा पुष्कळ वजनदार आहे, जरी सभेत टाळी पडली असेल ती अंद्रियाला.

तिसरा ढीग निकालाचा. शिष्य वाचल्यावर वाटतं की प्रश्न त्याच दिवशी कायमचा मिटला. पण बाराव्या शतकातला ग्रीक धर्मशास्त्री थिओडोर बाल्सामोन सांगतो की जॉर्जियन चर्चचं स्वातंत्र्य अँटिओकच्या सभेने पेत्र नावाच्या पॅट्रिआर्कच्या काळात ठरवलं होतं. थिओडोसिओसच्या आधी अँटिओकच्या गादीवर तिसरा पेत्रच होता. तोच हा पेत्र की जुन्या काळातला दुसरा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. यावरून मी इतकंच म्हणेन की एका मठवाशाच्या हजरजबाबीपणाने हक्क मिळाला असं मानू नका. जॉर्जियन कॅथोलिकोस व्यवहारात फार आधीपासून स्वतंत्र होता. गिओर्गीने त्या स्थितीला ग्रीकांच्याच ग्रंथांतला आधार दिला, तोही अँटिओक बायझंटाईन साम्राज्याच्या ताब्यात असताना आणि जॉर्जियाचा चौथा बग्रात त्याच साम्राज्याशी कधी लढत, कधी सोयरीक जोडत असताना. पुढे जॉर्जियन चर्चने स्वतःबद्दल जे सांगितलं त्यात अंद्रिया कायमचा आला.

तर इथवर: पद त्याच्याकडे फक्त मठाधिपतीचं, तेही त्याने सोडलं. पुस्तकांनी त्याने उपासना बदलली आणि पुस्तकांच्याच बळावर चर्चची बाजू मांडली. आता त्याने बिशपपद का नाकारलं ते बघू, कारण तुमच्या शंकेची खरी गाठ तिथे आहे.

1060 च्या सुमारास बग्रातने त्याला आग्रहाने मायदेशी बोलावलं. तिथे तो सुमारे पाच वर्षं राहिला. राजाने त्याच्यापुढे पापनिवेदन केलं, त्याला आध्यात्मिक पिता मानलं आणि चकोन्दिदीच्या बिशपपदाची गळ घातली. हे पश्चिम जॉर्जियातलं अत्यंत वजनदार पीठ. त्याने ते नाकारलं, आणि राजाला समोरासमोर सांगितलं की बिशपपदं विकू नकोस, अयोग्य आणि संसारात बुडालेली माणसं त्या जागांवर बसवू नकोस. मला वाटतं नकाराचा आणि या खडसावण्याचा संबंध थेट आहे. राजाकडून पीठ घेतलेला माणूस राजाने पीठं कशी वाटावीत यावर बोलला असता तर त्या बोलण्यात जोर उरला नसता. चरित्रकार नकाराचं कारण विनय सांगतो. विनय होताच, पण मला त्यात कामाची स्वच्छ समजही दिसते.

हा सुधारणेचा प्रयत्न त्याच्या हयातीत पुरा झाला नाही. 1103 च्या सुमारास डेव्हिड राजाच्या काळात रुइस-उरबनिसीच्या धर्मसभेने अयोग्य बिशपांना काढून टाकलं, त्या सभेची बीजं अभ्यासक गिओर्गीच्या या पाच वर्षांत शोधतात. त्या सभेमागचा कर्ता माणूसही चकोन्दिदीचाच बिशप होता, डेव्हिडचा शिक्षक गिओर्गी. नावं सारखी असल्याने या दोन गिओर्गींची गल्लत पुष्कळ ठिकाणी केलेली आढळते, ती टाळा.

मायदेशातल्या त्या वर्षांत त्याने अनाथ आणि गरीब मुलं गोळा केली. ॲथॉसला नेऊन शिकवावं, म्हणजे पुढे मठाला जॉर्जियन माणसं मिळत राहतील, हा विचार. ही चिंता खरी होती, कारण इविरोनमध्ये ग्रीकांची संख्या वाढत होती आणि जॉर्जियनांचाच मठ जॉर्जियनांच्या हातून निसटायची भीती त्याने इओआने-एक्वतिमेच्या चरित्रातही बोलून दाखवली आहे. 1065 साली अशी 80 मुलं घेऊन तो कॉन्स्टँटिनोपलला आला. दहाव्या कॉन्स्टँटाईन डूकास सम्राटापुढे त्याने मुलांना उभं केलं, त्यांच्या पालनपोषणाचा शब्द मिळवला.

याच भेटींत सम्राटाने त्याला एक नाजूक प्रश्न विचारला. 1054 मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात उघड फूट पडून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. भांडणाचा एक मोठा मुद्दा होता पवित्र भाकरीचा: ग्रीक खमीर घातलेली वापरत, लॅटिन बेखमीर. दरबारात लॅटिनही हजर होते. गिओर्गीने उत्तर दिलं की ग्रीकांमध्ये वेळोवेळी पाखंडं उठली, म्हणून तुमच्या सम्राटांना आणि धर्मसभांना अशा गोष्टी बारकाईने ठरवाव्या लागल्या. रोमकरांनी एकदा देव ओळखल्यावर श्रद्धा सोडली नाही, पेत्राकडून मिळालं ते ते पाळत आलेत, आणि श्रद्धा शुद्ध असेल तर या दोन रीतींत अंतर नाही. आठ वर्षांपूर्वी अँटिओकला पेत्राच्या गादीशी वाद घालणारा हाच माणूस. त्याने सम्राटाच्या घरात बसून सम्राटाच्या पक्षाचं भांडण पुढे रेटलं नाही. शिष्याने हे उत्तर अभिमानाने नोंदवलं, आणि ग्रीकांच्या शेजारी राहणाऱ्या मठवाशाला ते नोंदवून काही फायदा नव्हता. म्हणून मला ते विश्वासार्ह वाटतं.

मुलं सम्राटाला दाखवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 29 जून 1065 ला, तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये वारला. देह ॲथॉसला नेऊन इविरोनमध्ये पुरला. 29 जून हा पेत्र आणि पौल यांचा मोठा सण, गिओर्गीचं स्मरण 27 जूनला होतं. जॉर्जियन चर्च जुनी दिनदर्शिका पाळतं, म्हणून आपल्या कॅलेंडरवर ते 10 जुलैला येतं.

काही गोष्टी तुम्ही कुठल्या बाजूने बघता त्यावर अवलंबून आहेत. श्रद्धेने वाचणाऱ्याला अंद्रियाची यात्रा हा केंद्रबिंदू वाटेल, आणि जॉर्जियन चर्चच्या आजच्या आत्मभानात ती आहेच. इतिहास म्हणून वाचणाऱ्याला उपासनेची पुस्तकं मोठी वाटतील. तारखांतही पुस्तकापुस्तकात एक-दोन वर्षांचा फरक सापडेल, कारण चरित्रात बहुतेक ठिकाणी साल न देता प्रसंगांचा क्रम दिलाय आणि सालं अभ्यासकांनी सम्राट आणि पॅट्रिआर्क यांच्यावरून बसवली आहेत. अशा फरकाने गोंधळून जाऊ नका.

वाचायला सुरुवात कुठून करावी हेही सांगते, कारण बहुतेक लोक पहिल्या पानापासून वाचतात आणि स्वप्नं-चमत्कार बघून पुस्तक मिटतात. चरित्राचं भाषांतर मिळालं तर थेट अँटिओकच्या प्रकरणापासून शेवटपर्यंत वाचा. तिथे शिष्य जागेवर हजर आहे आणि लिहिण्यात जिवंतपणा आहे. नंतर मागे येऊन बालपण वाचा. त्यानंतर गिओर्गीने लिहिलेलं इओआने-एक्वतिमेचं चरित्र घ्या. मठाची जमीन, भांडणं, कोण कोणावर नाराज, इविरोनचे नियम, असं सगळं त्यात आहे आणि स्वतः गिओर्गी कसा विचार करायचा ते तिथे कळतं.

तिबिलिसीत राष्ट्रीय हस्तलिखित केंद्र आहे. इविरोनमध्ये 1074 साली तयार झालेलं हस्तलिखित, ज्यात ही चरित्रं आणि मठाच्या उपकारकर्त्यांच्या स्मरणनोंदी आहेत, ते तिथे जपलेलं आहे. मूळ हस्तलिखित नेहमी मांडलेलं नसतं, म्हणून आधी पत्र लिहून विचारा. खाखुलीची देवमातेची सोन्या-मिन्याची तीनपदरी प्रतिमा तिबिलिसीच्या कलासंग्रहालयाच्या ताब्यात आहे. दालन उघडं आहे का याची चौकशी करून जा, कारण त्या संग्रहालयाची दुरुस्तीची कामं लांबत आली आहेत. तिबिलिसीहून म्त्सखेता गाडीने अर्ध्या तासावर आहे. तिथलं स्वेतित्स्खोवेली चर्च 1029 मध्ये, म्हणजे गिओर्गी वीस वर्षांचा असताना, आजच्या रूपात पुरं झालं.

खुद्द खाखुली मात्र आज जॉर्जियात नाही. ते ईशान्य तुर्कस्तानात, एर्झुरुम प्रांतातल्या एका खेड्यात आहे, आणि चर्चची इमारत मशीद म्हणून वापरात असल्यामुळेच चांगली टिकली आहे. नमाजाची वेळ सोडून गेलात आणि शांतपणे विचारलंत तर आत बघू देतात, बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकामही बघा. इविरोनचा विचार असेल तर ॲथॉसवर फक्त पुरुषांना प्रवेश आहे आणि त्यासाठी आधी परवाना काढावा लागतो. जॉर्जियन असो वा नसो, दिवसाला मोजक्याच लोकांना तो मिळतो, म्हणून तारखा ठरल्या की काही महिने आधीच अर्ज करा.